अ‍ॅल्युमिनियम ट्रिम (जुन्या मोटारींवरील) : दुरुस्ती व चकाकी

मोटारीच्या अंगावरच्या पट्ट्या, पुढची जाळी, दिव्यांभोवतीची कडी आणि काचांच्या चौकटी अशा शोभेच्या धातुकामाला ‘ट्रिम’ म्हणतात. जुन्या गाडीवरची चकाकणारी प्रत्येक वस्तू क्रोमची, असा सर्वसाधारण समज आहे. पण १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून अमेरिकी मोटारींवर यांतले बरेच भाग अ‍ॅल्युमिनियमचे येऊ लागले. क्रोमचा मुलामा दिलेल्या जस्ताच्या ओतीव भागांपेक्षा ते हलके होते, आणि पत्रा दाबून सहज घडवता येत असे. १९५७ची शेव्हरोले बेल एअर हे त्याचे ठळक उदाहरण आहे. तिच्या मागच्या पंखावर बारीक रेघांचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा बसवला होता आणि पुढची जाळी सोनेरी होती. ही सोनेरी छटा रंगाने नव्हे, तर अ‍ॅनोडायझिंगने आणलेली होती.

या धातुकामाची सगळी अडचण अ‍ॅनोडायझिंगमध्येच आहे. उघड्या अ‍ॅल्युमिनियमवर हवेने ऑक्साइडचा थर आपोआप चढतो, पण तो जेमतेम काही नॅनोमीटर जाडीचा असतो. वस्तू धनाग्राला जोडून सौम्य सल्फ्युरिक आम्लात वीज सोडली की हा थर मुद्दाम जाड करता येतो. मोटारीच्या ट्रिमवर तो साधारण ५ ते १० मायक्रॉन असतो. अ‍ॅनोडायझिंगचा औद्योगिक वापर १९२३ साली ब्रिटनमध्ये क्रोमिक आम्लाच्या पद्धतीने सुरू झाला आणि सल्फ्युरिक आम्लाची पद्धत १९२७ साली आली. हा थर काचेसारखा पारदर्शक, धातूपेक्षा कितीतरी कठीण आणि सूक्ष्म छिद्रांचा असतो. छिद्रांत रंग भरून वस्तू उकळत्या पाण्यात ठेवली की छिद्रे मिटतात आणि रंग आत राहतो.

थराखालची चमक वर्षानुवर्षे टिकते, मात्र थर बिघडला की ती दिसेनाशी होते. समुद्रकाठची खारी हवा, थंड देशांत रस्त्यावर टाकले जाणारे मीठ आणि तीव्र अल्कली साबण हे त्याचे शत्रू. साधारण ४ ते ८.५ सामू असलेल्या द्रवात हा थर टिकतो, त्यापलीकडे विरघळू लागतो. मग पट्टीवर दुधी झाक येते आणि पांढरे ठिपके पडतात. पट्टी लोखंडी क्लिपांनी धरलेली असेल, तर ओलाव्यात दोन धातूंमध्ये विद्युत् क्रिया होऊन अ‍ॅल्युमिनियम मागच्या बाजूने पोखरले जाते. अशा पट्टीवर पॉलिशचा डबा संपवला तरी काही होत नाही, कारण घासणारा वरच्या थरावर घासत असतो आणि धातू खालीच राहतो.

भाग अ‍ॅल्युमिनियमचा आहे की स्टेनलेसचा, हे आधी ठरवावे. चुंबकावर विसंबू नये, कारण ट्रिममधले काही स्टेनलेस चुंबकाला चिकटते, तर काही चिकटत नाही. हातात घेतले की वजनावरून बराच अंदाज येतो. तरीही शंका राहिली, तर मागच्या बाजूला जरा खरवडून कॉस्टिक सोड्याच्या पाण्याचा थेंब टाकावा. अ‍ॅल्युमिनियमवर तो फसफसतो.

जुना थर काढण्याचे कामही कॉस्टिक सोड्याकडूनच करून घेतात. अमेरिकेतले हौशी लोक ओव्हन साफ करण्याचा फवारा वापरतात, त्यातही बहुधा हाच सोडा असतो. प्लॅस्टिकच्या टबात आधी पाणी घेऊन त्यात सोडा थोडा थोडा घालावा. सोड्यावर पाणी ओतू नये, कारण ते उसळून अंगावर येते. डोळ्यांवर चष्मा, हातांत रबरी मोजे आणि मोकळी हवा या गोष्टी सोडू नयेत. पट्टी बुडवल्यावर सुरुवातीला काहीच घडत नाही, कारण ऑक्साइड विरघळताना वायू निघत नाही. थर संपून सोडा धातूला भिडला की हायड्रोजनचे बुडबुडे सुटतात. बुडबुडे सगळीकडे एकसारखे आले की पट्टी लगेच बाहेर काढावी, नाहीतर सोडा धातूच खायला लागतो. बाहेर आलेली पट्टी काळपट दिसते. तो मिश्रधातूतल्या इतर घटकांचा गाळ असतो, आणि कारखान्यात तो नायट्रिक आम्लात बुडवून काढतात. घरच्या काळ्या पडलेल्या कुकरमध्ये लिंबाची साल उकळतात, तिथेही काम आम्लच करते. थर पूर्ण गेला की नाही, हे मल्टिमीटरवर कळते. ऑक्साइड विजेला अडवतो, म्हणून काटा हलला नाही तर तिथे थर अजून शिल्लक आहे.

पोचे काढण्याचे काम यानंतरचे. थरासकट ठोकले तर तो केसासारख्या चिरांनी तडकतो. मागून लाकडाचा ठोकळा धरून हलक्या हातोडीने पोचा हळूहळू वर आणतात. धातू कडक झाला असेल तर तापवून मऊ करता येतो, पण अ‍ॅल्युमिनियम लाल होण्याआधीच, ६६० अंश सेल्सिअसला, वितळते. म्हणून कारागीर त्यावर साबणाची रेघ ओढतात आणि ती काळी पडली की ज्योत बाजूला घेतात. खड्डा वेल्डिंगने भरायचा असल्यास सळईची निवड महत्त्वाची ठरते. सिलिकॉन असलेल्या सळईचा टाका त्या वेळी बेमालूम मिळून जातो, पण अ‍ॅनोडायझिंगनंतर काळसर उमटतो. मॅग्नेशियमयुक्त सळई तुलनेने रंगात मिसळते.

पुढे ४०० नंबरच्या वॉटर पेपरपासून १५०० किंवा २००० पर्यंत पाण्याने घासणे आणि मग कापडी बफ. लांब पट्टी फळीला बांधल्याशिवाय बफवर धरू नये. चाक तिची कड पकडते आणि पट्टी फेकली जाते, वाकते ती वेगळीच. बेल एअरसारख्या रेघांच्या पत्र्यावर बफ जास्त चालवला तर रेघांच्या कडा बोथट होतात, आणि त्या परत आणता येत नाहीत. त्यामुळे अशा भागांवर घासकाम कमीत कमी ठेवणारा कारागीरच चांगला.

चकचकीत झालेली पट्टी उघडी ठेवली तर काही महिन्यांतच मंद पडते. पारदर्शक लॅकर मारणारे पुष्कळ आहेत, पण गुळगुळीत अ‍ॅल्युमिनियमवर त्याची पकड कमजोर असते आणि कडेपासून त्याचे पापुद्रे सुटतात. खरा उपाय पुन्हा अ‍ॅनोडायझिंग करणे हाच. ते कुठे करून घ्यावे, याचा मात्र विचार हवा. खिडक्यांच्या सेक्शनचे काम करणारे कारखाने वस्तू आधी सोड्यात खरवडून (म्हणजे एचिंग करून) मंद, रेशमी पृष्ठ तयार करतात. मोटारीच्या ट्रिमला नेमके उलटे लागते. तापवलेल्या फॉस्फरिक व नायट्रिक आम्लाच्या मिश्रणात धातू आधी उजळून घेतात आणि मग थर चढवतात. म्हणून ‘एचिंग नको’ हे कारखान्याला लेखी कळवावे. गाडीचे सगळे भाग एकाच खेपेला द्यावेत, नाहीतर छटा जुळत नाही. लोखंडी रिव्हेट, क्लिपा आणि स्क्रू आधी काढून ठेवावेत. वीज जिथून जोडतात तिथे थर चढत नाही, म्हणून ती जागा पट्टीच्या मागच्या बाजूला घ्यायला सांगावी.

ज्या पट्टीवर नुसती पुसट झाक आहे, तिचा मूळ थर काढू नये, हे या लेखकाचे मत. प्रत्येक वेळी थर उतरवताना थोडा धातूही जातो, आणि पातळ दाबीव पत्र्यात असे दोन-तीनदा करण्याइतका धातू नसतो. नव्याने अ‍ॅनोडायझिंग केलेल्या पट्टीला पुन्हा धातूचे पॉलिश लावू नये. सौम्य साबणाच्या पाण्याने धुवून कोरडी पुसावी, आणि बसवताना लोखंडी क्लिपेखाली प्लॅस्टिकचा तुकडा ठेवावा.