रक्तपरजीवी रोग, जनावरांचे : औषधोपचार व औषधप्रतिकार

गुरांच्या रक्तात वाढणाऱ्या सूक्ष्म परजीवींमुळे होणारे रोग. महाराष्ट्रात थायलेरिओसिस, बबेसिओसिस व सर्रा हे महत्त्वाचे. पहिले दोन गोचिडांमुळे, तर सर्रा चावणाऱ्या माश्यांमुळे पसरतो. मराठवाड्यातील देवणी, लाल कंधारी यांसारख्या देशी गुरांपेक्षा संकरित गायींना थायलेरिओसिस अधिक जड जातो.

थायलेरिओसिसवर बुपारव्हाक्वोन (वजनाच्या दर किलोस २.५ मिग्रॅ., खोल स्नायूत) हे मुख्य औषध. ते परजीवीच्या सायटोक्रोम-बी प्रथिनावर आघात करते. त्या प्रथिनाच्या जनुकात उत्परिवर्तन झाल्यास औषध निष्प्रभ ठरते. ट्युनिशिया, इराण व तुर्कस्तानात असे प्रकार आढळले आहेत. लघवी लाल करणाऱ्या बबेसिओसिसवर डायमिनाझीन देतात.

सर्र्यावर क्विनापायरामीन वापरतात. आफ्रिकेत विषारीपणा व प्रतिकार यांमुळे १९७० च्या दशकात ते मागे पडले होते. जनावराचे वजन अंदाजाने धरून कमी मात्रा टोचणे हे प्रतिकाराचे नेहमीचे कारण. गोठ्यात वजनकाटा असतो कुठे? मात्र ताप न उतरण्यामागे चुकीचे निदान किंवा उशीरही असतो, म्हणून रक्ताची काचपट्टी तपासल्याशिवाय प्रतिकाराचा शिक्का मारू नये.

सर्रा हा गुरे, घोडे, उंटांचा रोग. पण २००४ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याच्या रक्तात त्याचा परजीवी सापडला. सुरामिनने तो बरा झाला. परजीवी मारणारे एपीओएल-१ हे प्रथिन त्याच्या रक्तात नव्हते, असे पुढे दिसून आले.