तळटीप : ‘नंबर जुळणारी’ गाडी

१२. नंबर जुळणारी : मूळ संज्ञा ‘नंबर्स मॅचिंग’, अमेरिकी ‘मसल कार’च्या शौकिनांचा परवलीचा शब्द. मध्यम आकाराच्या, बेताच्या किमतीच्या, दोन दारांच्या गाडीत मोठ्या गाडीचे व्ही-८ इंजिन बसवायचे, एवढीच मसल कारची कल्पना. १९६४ची पाँटिअ‍ॅक जीटीओ ही सहसा या जातीची आद्य गाडी मानतात. तिचे इंजिन ३८९ घन इंचांचे, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचे होते. विम्याचे चढे हप्ते, धुराविषयीचे कडक कायदे आणि १९७३चे तेलसंकट यांनी हे पर्व संपवले. तरुणपणी शोरूमच्या काचेतून नुसती पाहिलेली गाडी उतारवयात गंजक्या अवस्थेत घेऊन पुन्हा रस्त्यावर आणायची, ही अनेकांची ओढ. या गाड्यांत संगणक नाही. कार्ब्युरेटर, प्लग, पॉइंट सारे हाताने उघडता-जुळवता येते. खरा घाम निघतो तो गंजलेला पत्रा कापून नवा जोडताना. इंजिनावर ठोकलेला क्रमांक गाडीच्या ओळखक्रमांकाशी जुळला, की इंजिन कारखान्यातून आलेले मूळचेच आहे असे धरतात, आणि भाव चढतो. लेखक टॉर्च घेऊन बॉनेटखाली वाकतो, तो हा क्रमांक वाचायला. मात्र दरवेळी चकचकीत केल्यानेच मोल वाढते असे नाही : ‘बुलिट’ (१९६८) चित्रपटातली मस्टँग २०२० साली लिलावात शुल्कासह सुमारे ३७ लाख डॉलरना गेली, ती पोचे आणि गंज तसेच ठेवून. – संपा.