बाला देवी : मोजक्या सामन्यांतील गोलांचे अर्धशतक

आंतरराष्ट्रीय फुटबॉलमध्ये ५० गोलांचा टप्पा गाठणारी पहिली भारतीय महिला म्हणजे मणिपूरची न्गांगोम बाला देवी. युरोपातील क्लबशी व्यावसायिक करार करणारी पहिली भारतीय महिला फुटबॉलपटू हा मानही तिचाच. मात्र वयाच्या तिशीपर्यंत तिला केवळ फुटबॉल खेळून चरितार्थ चालवता आला नव्हता. ही कारकीर्द पाहताना गोलांइतकाच सामन्यांचाही हिशेब मांडावा लागतो.

मुलांच्या संघातून सुरुवात

बाला देवीचा जन्म २ फेब्रुवारी १९९० रोजी मणिपूरच्या विष्णुपूर जिल्ह्यातील इरेंगबाम या गावी झाला. लहानपणी ती गावातील मुलांबरोबरच फुटबॉल खेळत असे. वयाच्या पंधराव्या वर्षी, २००५ मध्ये, भारतीय संघाशी तिचे नाव जोडले गेले. पुढे ती आघाडीच्या फळीचा आधार बनली. २०१४ मध्ये इस्लामाबाद येथे भारताने सलग तिसऱ्यांदा सॅफ अजिंक्यपद पटकावले, तेव्हा स्पर्धेतील सर्वाधिक गोल तिच्याच नावावर होते. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २०१४ व २०१५ अशी सलग दोन वर्षे तिला सर्वोत्कृष्ट महिला खेळाडूचा पुरस्कार दिला.

एका महिन्यात आटोपणारी लीग

या काळात तिचा उदरनिर्वाह मणिपूर पोलीस दलातील नोकरीवर चालत होता. ‘इंडियन विमेन्स लीग’ ही राष्ट्रीय स्पर्धा २०१७ मध्ये सुरू झाली, पण तिचे स्वरूप लीगपेक्षा एखाद्या चषक स्पर्धेसारखेच होते. अंतिम टप्प्यासाठी सर्व संघ एका शहरात जमत आणि काही आठवड्यांत स्पर्धा आटोपत असे. मे २०१९ मध्ये लुधियानात झालेल्या स्पर्धेत बाला देवीने मणिपूर पोलीस संघातर्फे २६ गोल केले. अंतिम सामन्यात मात्र तामिळनाडूच्या सेतू एफसीने तिच्या संघाला ३-१ असे पराभूत केले. एवढे गोल करणाऱ्या आघाडीपटूला उरलेले वर्षभर त्या तोडीचे सामने खेळायलाच मिळत नव्हते.

ग्लासगोमधील दहा क्रमांक

नोव्हेंबर २०१९ मध्ये बाला देवी निवड चाचणीसाठी स्कॉटलंडला गेली. २९ जानेवारी २०२० रोजी ग्लासगोच्या रेंजर्स क्लबने तिच्याशी १८ महिन्यांचा करार केला आणि तिला दहा क्रमांकाची जर्सी दिली. तिशी पूर्ण होण्यास तेव्हा अवघे चार दिवस उरले होते. लवकरच करोनामुळे स्कॉटलंडमधील फुटबॉल थांबले. अखेर ६ डिसेंबर २०२० रोजी मदरवेलविरुद्ध बदली खेळाडू म्हणून उतरलेल्या बालाने ८५व्या मिनिटाला गोल नोंदवला. रेंजर्सने तो सामना ९-० असा जिंकला. युरोपातील अव्वल व्यावसायिक लीगमध्ये भारतीय महिलेने केलेला हा पहिला गोल ठरला.

नेरूळमध्ये हुकलेली संधी

यानंतर तिच्या गुडघ्याच्या अस्थिबंधाला दुखापत होऊन शस्त्रक्रिया करावी लागली. नेमकी याच काळात आशियाई करंडक स्पर्धा मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात झाली. २०२३च्या विश्वचषकाची पात्रता या स्पर्धेतूनच ठरणार होती. नौपाड्यातील फुटबॉलप्रेमींच्या दृष्टीने तर हा सामना दाराशीच होता. ठाणे स्थानकातून ट्रान्स हार्बरची लोकल पकडली की थेट नेरूळ. २० जानेवारी २०२२ रोजी तेथील डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये भारत आणि इराण आमनेसामने आले. भारताला गोलची निकड होती, पण सर्वाधिक अनुभवी आघाडीपटू संघात नव्हती. सामना ०-० असा बरोबरीत सुटला.

तीन दिवसांनी चायनीज तैपेईविरुद्धच्या लढतीसाठी नियमानुसार आवश्यक असलेले १३ खेळाडूही भारताकडे उरले नाहीत; करोनाने संघाला ग्रासले होते. भारताला स्पर्धेबाहेर व्हावे लागले आणि इराणविरुद्धचा निकालही रद्दबातल ठरला.

पुनरागमन आणि पुढची पिढी

तिशीनंतरच्या अशा दुखापतीने अनेकांची कारकीर्द संपते. बाला देवी मात्र भारतीय संघात परतली. १७ ऑक्टोबर २०२४ रोजी काठमांडू येथे सॅफ स्पर्धेत भारताने पाकिस्तानला ५-२ असे नमवले. याच सामन्यात तिने पन्नासावा आंतरराष्ट्रीय गोल साजरा केला.

तिने उघडलेल्या वाटेने आता इतरही जणी जात आहेत. ब्राझीलविरुद्ध २०२१ मध्ये मनौस येथे गोल करणारी पंजाबची मनीषा कल्याण ऑगस्ट २०२२ मध्ये सायप्रसच्या अपोलॉन क्लबतर्फे युरोपच्या महिला चॅम्पियन्स लीगमध्ये खेळली. तेव्हा ती वीस वर्षांची होती. बालाला याच वाटेसाठी आणखी दहा वर्षे थांबावे लागले होते. देशातील लीगही २०२३-२४च्या हंगामात घरच्या व प्रतिस्पर्ध्यांच्या मैदानांवर महिनोन्महिने खेळवली गेली. जुलै २०२५ मध्ये थायलंडला त्यांच्याच भूमीवर २-१ असे हरवून भारताने २०२६च्या आशियाई करंडकाची पात्रता मिळवली. पात्रता फेरी खेळून हे यश मिळवण्याची ही भारताची पहिलीच वेळ होती.

आघाडीपटू घडते ती सरावाने आणि टिकते ती नियमित सामन्यांवर. पहिली गोष्ट बाला देवीने इरेंगबामच्या मैदानावर स्वतःच साधली. दुसरी तिला उशिरा मिळाली. तरीही तिच्या नावापुढे पन्नास गोल आहेत. भरपूर सामने मिळाले असते तर हा आकडा कुठे पोहोचला असता, याचे उत्तर आता पुढच्या पिढीच्या कामगिरीतच शोधावे लागेल.