ठेव-विमा निगम अधिनियम, १९६१

बँक बंद पडल्यास लहान ठेवीदारांना त्यांची रक्कम ठरावीक मर्यादेपर्यंत परत मिळावी, या हेतूने भारतीय संसदेने संमत केलेला कायदा. तो १ जानेवारी १९६२ रोजी अंमलात आला.

बँकांवरील सरकारी देखरेखीची व्यवस्था त्यापूर्वीच झालेली होती. बँकिंग कंपनी अधिनियम, १९४९ अन्वये परवाना देणे, हिशेब तपासणे आणि डबघाईस आलेल्या बँकेच्या परिसमापनासाठी न्यायालयाकडे अर्ज करणे, हे अधिकार रिझर्व्ह बँकेस मिळाले होते. बंगालमधील १९४८ च्या बँकसंकटापासून ठेव-विम्याची कल्पनाही विचाराधीन होती व ग्रामीण बँकिंग चौकशी समितीने १९५० मध्ये तिला अनुकूलता दर्शविली होती. तथापि तपासणीची यंत्रणा पुरेशी उभी राहीपर्यंत थांबावे, असे ठरले. या प्रतीक्षेत एक दशक गेले.

१९६० मध्ये अकोल्याची लक्ष्मी बँक व केरळमधील पालाई सेंट्रल बँक या दोन बँका कोसळल्या. पालाई बँकेचे दोष तपासणीत कित्येक वर्षे आधीच आढळले होते. परंतु बँक बंद केल्यास घबराट पसरेल म्हणून ती सुधारण्याची वाट पाहण्यात आली. अखेर ऑगस्ट १९६० मध्ये रिझर्व्ह बँकेने केरळ उच्च न्यायालयात परिसमापनाचा अर्ज केला, तेव्हा ती घबराट पसरलीच आणि इतर बँकांतूनही ठेवी काढून घेण्यासाठी लोकांची रीघ लागली. सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये रिझर्व्ह बँकेचा हा अधिकार वैध ठरविला. ठेवीदाराला मात्र त्या अधिकाराचा उपयोग नव्हता. बँकेचे दोष त्याच्यापासून गुप्त होते आणि नुकसान तेवढे त्याचे होते.

यावर दोन उपाय योजण्यात आले. १९६० च्या दुरुस्तीने दुबळ्या बँकेचे व्यवहार स्थगित करून सक्तीने विलीनीकरण करण्याची तरतूद झाली. १९५१ अखेर ५६६ असलेली व्यापारी बँकांची संख्या १९६९ पर्यंत ८९ वर आली, त्यास हे धोरण बऱ्याच अंशी कारणीभूत होते. दुसरा उपाय प्रस्तुत अधिनियमाचा. प्रारंभी विम्याची मर्यादा दर ठेवीदारामागे रु. १,५०० होती. विम्याचा हप्ता बँकेनेच भरावयाचा असून तो दर शंभर रुपयांच्या ठेवींवर वार्षिक ५ पैसे होता. बँक भक्कम असो वा डळमळीत, दर एकच.

सहकारी बँकांचा समावेश १९६८ च्या दुरुस्तीनंतर होऊ लागला. महाराष्ट्राच्या दृष्टीने ही बाब विशेष महत्त्वाची होती. पण या बँकांवर राज्य शासनाचा निबंधक व रिझर्व्ह बँक यांचे दुहेरी नियंत्रण राहिले. १९७८ मध्ये निगमात पतहमी निगम विलीन झाला. विम्याची मर्यादा १९९३ मध्ये एक लाख रुपये झाली व पुढे २७ वर्षे तेथेच राहिली.

मूळ कायद्यातील मोठी उणीव म्हणजे बँकेचे परिसमापन वा विलीनीकरण झाल्याखेरीज विम्याची रक्कम मिळत नसे. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा ठेवीदारांस प्रारंभी केवळ रु. १,००० काढता येत होते आणि विमा असूनही तो हाती येत नव्हता. फेब्रुवारी २०२० मध्ये मर्यादा पाच लाख करण्यात आली. त्याच वर्षी सहकारी बँकांवरील रिझर्व्ह बँकेचे अधिकार वाढविण्यात आले. १ सप्टेंबर २०२१ पासून अंमलात आलेल्या दुरुस्तीनुसार, निर्बंध लागू झाल्यापासून सर्वसाधारणपणे ९० दिवसांत विम्याची रक्कम देणे निगमावर बंधनकारक झाले.