पर्सी फॉसेट यांचे बेपत्ता होणे
ब्रिटिश लष्करी अधिकारी व भूसर्वेक्षक कर्नल पर्सी हॅरिसन फॉसेट (जन्म: १८ ऑगस्ट, १८६७) हे १९२५ साली ब्राझीलमधील मातो ग्रोसोच्या अरण्यात बेपत्ता झाले. थोरला मुलगा जॅक आणि त्याचा मित्र रॅले रिमेल त्यांच्यासोबत होते. 'झेड' असे सांकेतिक नाव दिलेल्या प्राचीन नगराच्या शोधात ते निघाले होते.

२९ मे, १९२५ रोजी पत्नीस लिहिलेले पत्र हा त्यांचा अखेरचा मागमूस. १९२८ मधील जॉर्ज डायट यांच्या मोहिमेसह अनेक शोधमोहिमा निष्फळ ठरल्या. १९५१ मध्ये ओरलांदो व्हिलास-बोआस यांना मिळालेल्या अस्थीही फॉसेट यांच्या नसल्याचे तपासणीत आढळले.

सर्वांत लक्षणीय, तरी बराच काळ दुर्लक्षित राहिलेली साक्ष कालापालो या स्थानिक जमातीची आहे. त्यांच्या मौखिक परंपरेनुसार, पूर्वेकडील जमाती हल्ला करतील हा इशारा न जुमानता तिघे त्या दिशेला गेले; काही दिवस त्यांच्या शेकोटीचा धूर दिसत राहिला, नंतर तो दिसेनासा झाला.

याच शिंगू नदीच्या खोऱ्यात पुरातत्त्वज्ञ मायकेल हेकेनबर्गर यांना पुढे कुहिकुगू येथे खंदक व रुंद रस्ते असलेल्या जुन्या वसाहतींचे अवशेष सापडले. मात्र ते मातीचे आहेत. फॉसेट यांच्या कल्पनेतील नगर दगडी होते.