पांडाची शिरगणती

सन १८६९ च्या मार्च महिन्यात आर्मां दाव्हिद नावाच्या फ्रेंच पाद्र्याने चीनच्या सिचुआन प्रांतात एका जमीनदाराच्या घरी काळ्या-पांढऱ्या अस्वलाचे कातडे पाहिले, आणि युरोपला पांडा ठाऊक झाला. पुढे बरीच वर्षे संग्रहालयांना त्याचे कातडेच हवे होते. जिवंत पिल्लू अमेरिकेत पोचले ते १९३६ साली, रूथ हार्कनेस या बाईंच्या कडेवर बसून.

परंतु रानात पांडे आहेत तरी किती? (पांडे म्हटले की आपल्याला भलतेच कोणी आठवतात, ते सोडा!) धुक्यात बुडालेल्या बांबूच्या दाटीत हा प्राणी दहा पावलांवर असला तरी दिसत नाही. दिसते ती त्याची विष्ठा, आणि ती मात्र मुबलक. आतडे अस्वलाचे आणि आहार बांबूचा. अंगी लागते थोडेच, म्हणून बिचारा दिवसाचा निम्मा वेळ खातच बसतो.

१९७८ साली हू जिन्चू या चिनी प्राध्यापकांनी वोलोंगच्या रानात तळ ठोकला. विष्ठेत बांबूचे तुकडे जवळजवळ अखंड सापडतात. प्रत्येक पांडाचा घास सारख्याच लांबीचा नसतो. तेव्हा ते तुकडे मोजून त्यांनी पांडे ओळखण्याची युक्ती काढली. विद्वत्तेचा हा मार्ग कोणाला ओंगळ वाटेल; मला तरी मोठा प्रामाणिक वाटतो. पुढे जॉर्ज शॅलर हे अमेरिकन निसर्गशास्त्रज्ञ त्यांना येऊन मिळाले, आणि काही पांडांच्या गळ्यांत रेडिओचे पट्टे बांधले गेले.

वेळू फुलला की अवर्षण, असे आपल्याकडची म्हातारी माणसे म्हणतात. १९८३ साली तिकडे बांबू फुलून वाळला आणि पांडे उपाशी मरणार म्हणून एकच हाकाटी उठली. १९७५-७६ मध्ये मिनशानच्या डोंगरांत १३८ पांडे मेलेले आढळले होते, तेव्हा ती भीती अगदीच निराधार नव्हती. ‘सुटके’साठी कित्येक पांडे पकडून पिंजऱ्यांत नेले. पण शॅलर यांना रानात वेगळेच दिसत होते. एक जातीचा बांबू गेला तर पांडा दुसऱ्या जातीकडे वळतो; मात्र खालच्या उतारावर माणसाने ते रान शिल्लक ठेवलेले असले पाहिजे! शिवाय कस्तुरीमृगासाठी लावलेले फास होतेच. पट्टा बांधलेली हानहान नावाची मादी अशाच एका फासात सापडून मेली. फुलोऱ्याला दोष देणे सोपे. कुऱ्हाडीला आणि फासाला देणे अवघड.

२००१ साली तर अभ्यासकांनी असे दाखवून दिले की, वोलोंग राखीव झाल्यानंतर तेथील पांडायोग्य रान पूर्वीपेक्षा वेगाने घटले. घरे वाढली, चुली वाढल्या, जळण लागले. त्याआधी १९९८ च्या महापुरानंतर चीनने नैसर्गिक जंगलांतील तोडीवर बंदी आणली होती. पुढे वोलोंगमध्ये रान राखण्याबद्दल गावकऱ्यांना पैसेही मिळू लागले. पोट दोघांनाही आहे, हे सरकारने ओळखले म्हणायचे.

२००६ साली विष्ठा पुन्हा उपयोगी पडली. वांगलांगच्या राखीव रानात जुन्या मोजणीने पांडे भरले होते २७. विष्ठेतील आनुवंशिक द्रव्य तपासले तेव्हा निघाले ६६. या आकड्यावर शास्त्रज्ञांत वादही झाला. २०१५ साली जाहीर झालेल्या देशव्यापी गणतीत १,८६४ पांडे भरले, आणि २०१६ मध्ये जागतिक यादीत त्यांचा धोका एक पायरी खाली आला. पण त्याच गणतीने ते ३३ विलग गटांत विखुरल्याचेही दाखवले. मधून रस्ते जातात, शेते पसरली आहेत. आणि त्यांतल्या कित्येक गटांत पुरते दहा पांडेही नव्हते.