डायनोकॉकसची विकरे : एका प्रश्नाचा इतिहास



शास्त्राच्या इतिहासात एखादा शोध कसा लागला हे आपण आवडीने सांगतो. चुकीचा तर्क किती काळ तग धरून राहिला, हे मात्र क्वचितच सांगतो. आजच्या विषयात असा एक तर्क आहे. तो मी स्वतः कित्येक वर्षे वर्गात शिकविला आहे, आणि म्हणूनच या व्यासपीठासाठी हा विषय निवडला.

१९५६ साली अमेरिकेतील ऑरेगन राज्यात, कॉर्व्हॅलिस येथे, आर्थर अँडरसन आणि त्यांचे सहकारी डबाबंद मांस गॅमा किरणांनी निर्जंतुक करता येईल काय, याची परीक्षा घेत होते. कोणताही जीवाणू वाचणार नाही अशी मानलेली मात्रा देऊनही काही मांस नासले. त्यातून तांबूस-गुलाबी रंगाचा, गोल पेशींचा एक जीवाणू हाती आला. त्याला आधी मायक्रोकॉकस रेडिओड्युरान्स म्हटले गेले. १९८१ साली त्याला स्वतंत्र वंशाचा मान मिळून तो डायनोकॉकस झाला. ग्रीक भाषेत डायनोस म्हणजे भयंकर. वास्तविक माणसाला तो काहीच अपाय करीत नाही!

सुमारे ५ ग्रे एवढी मात्रा माणसाला प्राणघातक ठरते. हा जीवाणू ५,००० ग्रे सहज पचवितो. पण त्याचा डीएनए अभेद्य आहे, असे नव्हे. तेवढ्या माऱ्याने त्याच्या गुणसूत्रांचे शंभराहून अधिक ठिकाणी तुकडे होतात. आपल्या आतड्यातील ई. कोलाय या जीवाणूच्या डीएनएचेही तितक्याच प्रमाणात होतात. फरक एवढाच, की ई. कोलाय मरतो आणि हा काही तासांत आपली गुणसूत्रे पुन्हा सांधून वाढू लागतो.

मग सांधणारा कोण? उत्तर उघड वाटे : विकरे, म्हणजेच एन्झाइमे. ज्याची दुरुस्ती असामान्य, त्याची हत्यारेही असामान्यच असणार. बेव्हन मोझली यांनी ब्रिटनमध्ये साठच्या दशकापासून या जीवाणूचे किरणांपुढे दुबळे ठरणारे वाण शोधून दुरुस्तीचे जनुक हुडकण्याची वाट घालून दिली. मीही विद्यार्थ्यांना सांगत असे, की याच्यापाशी जगावेगळी विकरे आहेत, ती सापडली की कोडे सुटले.

या तर्काला पहिला मोठा तडा १९९४ साली गेला. अमेरिकेत केनेथ मिंटन यांच्या प्रयोगशाळेत डीएनए पॉलिमरेझ हे विकर नसलेला, त्यामुळे दुबळा झालेला डायनोकॉकसचा वाण घेऊन त्यात ई. कोलायचे पॉलिमरेझ घातले गेले. वाण पूर्ववत कणखर झाला! जे विकर मूळ धन्याला वाचवू शकत नव्हते, तेच परक्या घरी पुरेसे ठरले. १९९९ साली या जीवाणूचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला, तेव्हाही दुरुस्तीच्या विकरांची यादी बरीचशी ओळखीचीच निघाली.

दुरुस्तीची रीत २००६ साली पॅरिसमध्ये मिरोस्लाव्ह रादमान यांच्या गटाने उलगडली. या पेशीत जनुकसंचाच्या चार ते दहा प्रती असतात. एकाच पोथीच्या चार प्रती फाटून एकत्र मिसळल्या, तर प्रत्येक प्रत निराळ्या जागी फाटलेली असते. एकीतला तुटलेला मजकूर दुसरीच्या तुकड्यावर अखंड सापडतो. पॉलिमरेझ अशा तुकड्यावरून पुढचा मजकूर उतरवून घेते, लांबलेली एकेरी टोके परस्परांशी जुळतात आणि शेवटी रेकए नावाचे प्रथिन लांब खंडांची पूर्ण गुणसूत्रे घडवून आणते.

पण हे कारागीर स्वतः किरणांतून वाचतात कसे? येथेच खरी गोम होती. किरण पाण्याचे रेणू फोडतात आणि त्यांतून उपजलेले तीव्र ऑक्सिजन-कण प्रथिनांवर तुटून पडतात. २००४ साली मायकेल डाली आणि सहकाऱ्यांनी दाखविले, की कणखर जीवाणूंत लोहाच्या मानाने मँगॅनीज पुष्कळ असते. २००७ साली त्यांनी पुढचा दुवा जोडला : अशा जीवाणूंची प्रथिने माऱ्यानंतरही बऱ्याच अंशी शाबूत राहतात. लहान रेणूंशी संयोग पावलेले मँगॅनीज त्या घातक कणांना शमविते. ई. कोलायजवळही हत्यारे होती. पण ती धरणारे हातच जायबंदी झाले होते.

जुना तर्क सर्वस्वी खोटा होता, असे मात्र मी म्हणणार नाही. डीडीआरए आणि पीपीआरए ही डीएनएची उघडी टोके सांभाळणारी प्रथिने याच वंशाची खास मिळकत आहेत, आणि तीही २००४ सालीच पुढे आली. आम्ही भर चुकीच्या जागी दिला, एवढेच.

एवढी तयारी त्याने कशासाठी केली असावी? इतका किरणोत्सर्ग पृथ्वीवर निसर्गतः कोठेच नाही. १९९६ साली लुइझियानातील जॉन बॅटिस्टा आणि त्यांच्या सहकारी मॅटिमोर यांना आढळले, की किरणांपुढे हरणारे वाण दीर्घ शुष्कतेपुढेही हरतात. सुकण्यानेही डीएनए असाच तुटतो. तेव्हा किरणसहिष्णुता हे कोरडेपणाशी झालेल्या झुंजीचे उपफळ मानले जाते.

आपल्याकडे तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही या जीवाणूवर दीर्घकाळ काम झाले आहे. तेथील शास्त्रज्ञांनी २००६ साली विषमज्वराच्या जीवाणूच्या जातीतील फॉस्फेट सुटे करणाऱ्या विकराचे जनुक डायनोकॉकसमध्ये घातले. ते विकर ६,००० ग्रेचा मारा झालेल्या पेशीतही काम करीत राहिले, आणि पातळ द्रावणातील युरेनियम फॉस्फेटच्या रूपाने साक्यात खाली बसले.